उतारावरचं नाव

सुलसे बेटावर पोराबाळांसकट सुट्टीला आलेल्या माणसाला आधी खिडकीत बसून पाऊस बघावा लागतो. मग धक्क्यावर बसायचं, दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरायचे, बादलीत घालून पोरांना दाखवायचे आणि परत सोडायचे. मग तट्टांवर बसायचं, किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी ढवळायची. एवढं झालं की पोरं कंटाळतात, आईबाप एकमेकांवर खेकसायला लागतात आणि चहाच्या दुकानातलं कुणीतरी सांगतं, "डोलिनाबरोबर उतार चालून या. पोरांना फार आवडतं."

उतार म्हणजे सुलसे आणि धाकटं अर्नसे यांच्यामधली वाळू. भरतीला तिथे समुद्र असतो. ओहोटीला दूरवर ओली वाळू आणि मधे गुडघाभर पाण्याचा एक पाट उरतो, आणि हा पाट मनाला येईल तशी जागा बदलतो. आज तो कुठे आहे, हे डोलिना मॅकास्किलला माहीत असे. सत्तरी उलटलेली, बुटकी, अंगाने रुंद, गालांवर वाऱ्याने कायमची लाली आणलेली ही बाई उन्हाळाभर पाहुण्यांची रांग पलीकडे नेई. पलीकडच्या जुन्या शाळेत तिचा मुलगा फिन्ली चहा आणि केक मांडून बसलेला असे. परतताना तो सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवी आणि पाणी चढायच्या आत घरी आणून सोडी.

निघायच्या आधी नावं वाटायचा कार्यक्रम व्हायचा. डोलिना पोरांना ओळीत उभं करायची आणि कमरेवर हात ठेवून सांगायची, "वाळूवर कुणी स्वतःचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याचंही नाही. मी देते ते नाव लावायचं. पलीकडे एक खांब आहे, त्याला हात लावून आपलं खरं नाव मोठ्यांदा सांगितलं की सुटलात."

मग कुणी शिंपला व्हायचं, कुणी बगळा, कुणी तारामासा. मोठी माणसंही सुटत नसत. एका जाडजूड बँकवाल्याला तिने गोगलगाय केलं होतं. त्याच्या बायकोला ते इतकं पटलं की ती म्हणे घरी गेल्यावरही त्याला त्याच नावाने हाक मारते. डोलिना स्वतः चिंबोरी. पोरं तिला चिंबोरी आजी म्हणत.

पाहुण्यांना वाटायचं, बाईने काय छान खेळ काढलाय. डोलिना त्यांना तसं वाटू देई. सुलसेचे कोळी समुद्रावर पाद्र्याचं नाव घेत नाहीत, काळा कोट म्हणतात. डुकराचंही घेत नाहीत. खेकड्यांसाठी त्याचं मांस चालतं, नाव चालत नाही. तसंच उतारावर माणसाचं नाव घेत नाहीत, आणि हे सगळं डोलिनाच्या पणजीच्या आधीपासूनचं. आणखी दोन नियम होते, ते ती पाहुण्यांना सांगत नसे. दिलेलं नाव वाटेत बदलायचं नाही. आणि जो उतारावर जीवानिशी गेला त्याचं नाव पुन्हा कुणाला द्यायचं नाही. हा दुसरा नियम सांगितला असता तर निम्मे लोक ट्रॉलीतूनच जाऊ म्हणाले असते.

टिटवी हे असंच उचलून ठेवलेलं नाव होतं.

डोलिनाचा बाप लॅकलन शिंपल्या खणायला उतारावर जाई आणि दोन्ही पोरींना बरोबर नेई. नावं त्यानेच दिली होती. धाकटी एफी म्हणजे टिटवी, कारण ती एका पायावर ठरत नसे आणि तिचे केस डोक्यावर तुऱ्यासारखे उभे राहत; आमच्याकडच्या टिटवीला तुरा असतो. थोरली डोलिना चिंबोरी, कारण ती चिमटे काढायची. एकदा शरदात धुकं आलं. लॅकलनने मागे वळून पाहिलं तर एक पोरगी जवळ उभी होती आणि एक नव्हती. तो पाण्याच्या दिशेने धावला. टिटवे, ए टिटवे, अशा हाका मारत तो छातीभर पाण्यात गेला. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. तेवढा सगळा वेळ नऊ वर्षांची डोलिना होती तिथेच उभी होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही. घरी जा असंही कुणी म्हणालं नाही. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती आपणहून वळली आणि एकटी घरी आली.

त्यानंतर लॅकलन रोज संध्याकाळी काठावर उभा राहून हाका मारायचा. म्हातारा होऊन अंथरुणाला खिळेपर्यंत हे चाललं. घरात तो वाईट वागला नाही. डोलिनाला जेवायला वाढायचा, तिच्या बुटांना चरबी चोळून द्यायचा. पण चिंबोरी म्हणून त्याने तिला परत कधी हाक मारली नाही, आणि खरं नावही क्वचितच घेतलं. "पोरी, पाणी आण," "पोरी, दार लाव." डोलिनाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण तिला ते लागायचं, म्हातारपणीही लागायचं.

लॅकलन गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून धुक्याच्या दिवशी उतारावरून काहीतरी ऐकू येऊ लागलं. लांबवर, घोगरं, शब्द न कळणारं. गावातले लोक म्हणायचे, खडकांवरचे सील प्राणी ओरडतात. डोलिनाही म्हणायची सील ओरडतात. मग लगेच ती पोरांना गाणं म्हणायला लावायची.

त्या जुलैत मुख्य भूमीवरच्या पर्थहून एक कुटुंब आलं होतं. ग्रॅहम, त्याची बायको हेलन आणि सहा वर्षांची ब्रायनी. बरोबर दुसऱ्या एका घरातली दोन मुलं आणि त्यांची मावशी. मुलांना तारामासा आणि शंख मिळाले, मावशी बगळी झाली, ग्रॅहम कालव, हेलन सुरमई. ब्रायनी रांगेच्या टोकाला लाल रबरी बूट घालून एका पायावर उड्या मारत होती. तिने टोपी काढली आणि केसांचा झुपका डोक्यावर उभा राहिला.

"आणि तू टिटवी," डोलिना म्हणाली.

म्हणून गेली आणि मग आपणच ऐकलं. साठ वर्षं ते नाव तिच्या जिभेवर आलं नव्हतं. खोटं कशाला बोला, घेताना तिला बरं वाटलं, तोंडात साखरेचा खडा ठेवल्यासारखं. मग आपण काय केलं ते कळलं. दिलेलं नाव परत घेता येत नव्हतं. चालणं रद्द करता आलं असतं, पण आकाश स्वच्छ होतं, ओहोटी चांगली लांब होती, वाराही बेताचा. काय सांगून माघारी पाठवणार होती त्यांना? तिने सगळ्यांच्या हातात एक लांब दोर दिला, ब्रायनीचा हात आपल्या हातात घेतला आणि निघाली.

निम्म्या वाटेवर वारा पडला. मग पश्चिमेकडून धुकं आलं, घाई न करता, जमिनीलगत. आधी अर्नसे दिसेनासं झालं, मग रांगेच्या शेवटी असलेला ग्रॅहम, मग त्याच्या पुढची माणसं.

"दोर सोडायचा नाही," डोलिना म्हणाली. "पाट समोरच आहे. तो ओलांडला की पोचलो. तारामासा, गाणं म्हण बघू."

तारामासा घाबरला होता. गाणं निघेना. आणि त्या शांततेत समुद्राच्या बाजूने हाक आली.

"टिटवे. ए टिटवे."

घोगरा आवाज, घाई नसलेला, शेवटी थोडा वर चढणारा. दिवसभर हाका मारून दमलेला माणूस अजून एकदा मारून बघतो, तसा. डोलिनाने तो आवाज काठावर उभ्या माणसाच्या तोंडून हजारदा ऐकला होता.

"आजी, मला कुणीतरी बोलावतंय," ब्रायनी म्हणाली.

"सील आहे ती."

"सीलला माझं नाव कसं माहीत?"

मागून हेलनचं हसू ऐकू आलं. "ग्रॅहम, ऐकतोयस ना? किती मस्त केलंय यांनी."

"टिटवे. ए टिटवे. इकडे ये."

डोलिनाच्या हातात नुसता लोकरीचा हातमोजा राहिला. लाल बूट धुक्यात चार पावलं दिसले आणि मग दिसेनासे झाले.

"कुणी जागचं हलायचं नाही," डोलिना म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की सगळे खरंच हलले नाहीत. ती ठशांवरून धावली. या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

पोरगी पाटाच्या कडेला पोचली होती. बुटांत पाणी शिरलं होतं. तिने दोन्ही हात वर केले होते, पोरं उचलून घ्या म्हणून करतात तसे. समोर काही नव्हतं. पण पाण्यात कुणी उभं राहिलं की प्रवाह त्याच्या पायांच्या दोन बाजूंनी फुटून जातो, तसा तो समोर फुटत होता, दोन ठिकाणी. मधे नुसतं धुकं होतं.

"बाबा, ती नव्हे," डोलिना म्हणाली. "ती लोकांची पोर आहे."

"टिटवे," आवाज म्हणाला, अगदी जवळून. पाण्यातली ती दोन फुटलेली ठिकाणं एक पाऊल पुढे सरकली.

तेव्हा डोलिनाने वाटेत नाव न बदलायचा नियमही मोडला. पोरीला खांद्यांना धरून आपल्याकडे वळवलं आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "तू टिटवी नाहीस. तू चिंबोरी. थोरली, चिमटे काढणारी. कुणी हाक मारली तर तुला नाही मारली. म्हण, मी चिंबोरी."

"चिंबोरी तर तू आहेस ना?"

"माझं तुला दिलं. म्हण लवकर."

"मी चिंबोरी," ब्रायनी म्हणाली. तिचे हात खाली आले आणि मग तिला बुटांतलं पाणी जाणवलं. "आजी, माझे मोजे भिजले."

पण टिटवी अजून बेवारशी होती आणि आवाज तिलाच मागत होता. डोलिना स्वतः आता कुणीच नव्हती. पोरीला पाठीशी घालून तिने साठ वर्षांत कुणी दिली नव्हती ती ओ दिली.

"ओ, बाबा. मी आहे टिटवी. इकडे आहे मी. या पोरांना पलीकडे पोचवते आणि येते."

पाण्यातली ती दोन ठिकाणं हळूच मिटली आणि पाट नेहमीसारखा सरळ वाहू लागला.

पलीकडे ऊन होतं. एकेकाने खांबाला हात लावून आपलं नाव सांगितलं. ब्रायनी इतक्या मोठ्याने ओरडली की शाळेच्या छपरावरचे पक्षी उडाले. चिंबोरी तिने तिथे ठेवली आणि ती केककडे पळाली. हेलन डोलिनाजवळ आली. तिचे डोळे चमकत होते.

"त्या माणसाचा आवाज कसा केलात हो? माझ्या अंगावर काटा आला. इतकी सहलीची ठिकाणं पाहिली, पण एवढी मेहनत कुणी घेत नाही."

"आवडलं ना," डोलिना म्हणाली. "झालं तर मग."

फिन्लीने किटली खाली ठेवली. "आई, तू खांबाला हात नाही लावलास."

"राहू दे."

"असं कसं राहू दे? मला लहानपणी केवढी बोलायचीस."

"फिन्ली, चहा दे लोकांना. थंड होतोय."

हात कसा लावणार? खरं नाव घेतलं की टिटवी पुन्हा वाळूवर मोकळी सुटली असती, आणि हाका पुन्हा सुरू झाल्या असत्या. परत येताना ती ट्रॉलीत बसली, पाय वर घेऊन, दोन्ही हात गवतात खुपसून. त्या दिवसापासून तिने रांग नेली नाही. फिन्ली नेऊ लागला. पर्थच्या बाईने चार ठिकाणी सांगितलं असावं, कारण येणारा प्रत्येक जण विचारायचा, तो आवाज कधी ऐकायला मिळणार?

"सांग तरी कोण होतं ते," फिन्ली तिच्या मागे लागला. "धक्क्यावरच्या आंगसला होडीत बसवलं होतंस ना? त्याला विचारलं तर नाही म्हणतो. लोक पैसे परत मागतील अशाने."

"तुझा आजोबा होता."

फिन्ली हसला. मग आईच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला, आणि त्याने परत विचारलं नाही.

उतार गप्प झाला होता. ऑगस्टात धुकं आलं, सप्टेंबरात आलं, एक आवाज नाही. धक्क्यावरचे म्हातारे म्हणाले, यंदा सील कुठे गेले कोण जाणे. डोलिनाला माहीत होतं. येते म्हणून सांगितलेल्या पोरीची वाट बघणारा बाप हाका मारत नाही. ती रोज ओहोटीला काठापर्यंत जाई, वाळूवर पाऊल न टाकता म्हणे, "आज नाही, बाबा," आणि परत येई. रात्री तिचा डोळा लागत नसे. तिला मरणाची भीती वाटत होती, अगदी सरळ भीती; थंड पाण्याची, धुक्याची. पण त्याहून तिला एक गोष्ट खात होती. एवढी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला आपण फसवलं, आणि तो शहाण्यासारखा गप्प बसून राहिला.

ऑक्टोबरात शेवटचे पाहुणे बोटीने गेले. फिन्ली ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला बोटीने मोठ्या गावाला गेला होता. दुपारी धुकं आलं. डोलिनाने चुलीवरचं सूप उतरवलं, भांड्यावर झाकण ठेवलं, मांजरीला बाहेर काढलं. बूट घातले, त्यांना आदल्या रात्रीच चरबी चोळून ठेवली होती. आणि ती वाळूवर उतरली.

ओहोटी संपत आली होती. पाट आपली जागा सोडून अर्नसेकडे सरकला होता, पण तिला शोधावा लागला नाही. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी तिच्या दोन्ही पायांभोवती फुटून जात होतं. थोडं पुढे, धुकं जिथे दाट होतं तिथे, ते आणखी दोन ठिकाणी फुटत होतं.

"आले, बाबा," ती म्हणाली.

पाणी तिच्या गुडघ्यांवर चढलं. भरती लागली होती.

"टिटवी आले," तिने पुन्हा म्हणून पाहिलं. खोटं तिला पुढे रेटवेना. "टिटवी नाही मी, बाबा. ती कुठे आहे मला माहीत नाही. तुम्ही इतकं शोधलंत, मीही रोज शोधलं. सापडली नाही ती. पण त्या दिवशी आम्ही दोघी हरवलो होतो. तुम्ही एकीलाच हाका मारल्यात. मी तिथेच होते, तुमच्या मागे. मी उभीच होते."

धुकं हललं नाही. पाणी मांड्यांपर्यंत आलं आणि तिला पायांखालची वाळू सरकताना कळली. आता वळायला हवं होतं, पण वळायची ताकद तिच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही फारशी उरली नव्हती.

"चिंबोरे."

तोच घोगरा आवाज होता. या वेळी शेवटी वर चढला नाही. कुणाला शोधणारी हाक नव्हती ती, समोर उभ्या असलेल्या पोरीला उद्देशून म्हटलेलं होतं.

"पाणी चढतंय, चिंबोरे. घरी जा बघू."

ती वळली. बुटांत पाणी, कमरेपर्यंत ओली, नऊ वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देत ती चालत राहिली. पाठीमागे कुणीतरी तिच्या मागोमाग पाणी तोडत काठापर्यंत येत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. बाबांनी घरी जा म्हटलं होतं, म्हणून ती घरी गेली.